पत्रकं वाचून बोटं शिकत नाहीत : आरोग्य आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य

विषय : स्तनांचे स्वपरीक्षण शिकवण्याची सध्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय/महोदया,

सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात आधी उपकेंद्राची नर्सबाई आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. पेन्शन सुरू आहे, गुडघे कुरकुरतात, आणि आता वरिष्ठांना भिण्याचं कारण उरलेलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे गुलाबी फुगे फुगतात. तालुक्याच्या सभागृहात बचत गटांच्या बायका गोळा करतात. फ्लेक्स लागतो, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो. एक डॉक्टर मॅडम पाऊण तास बोलतात. पडद्यावर छातीचं चित्र आलं की निम्म्या बायका पदराआड हसतात, उरलेल्या मान खाली घालतात, आणि मागच्या दारातून माइकवाला आत डोकावतो. शेवटी पत्रक, चहा-बिस्किट, सही, ग्रुप फोटो. संध्याकाळी अहवाल वर जातो : इतक्या-इतक्या महिलांना स्वपरीक्षणाचे प्रशिक्षण दिले. त्या सगळ्या दुपारी एकीचंही बोट हललेलं नसतं. आम्हाला इंजेक्शन टोचायला या पद्धतीने शिकवलं असतं, तर अर्ध्या जिल्ह्याच्या कमरेला गळवं झाली असती.

तपासणं हे हाताचं काम आहे. ते हाताने दाखवावं लागतं, समोरच्या बाईकडून करून घ्यावं लागतं, चुकलं की तिची बोटं धरून सरळ करावी लागतात. जर्मनीत दृष्टिहीन स्त्रियांना खास प्रशिक्षण देऊन हाताने स्तन तपासण्याच्या कामावर घेतात, कारण त्यांची स्पर्शाची जाण घडवलेली असते. आपल्याकडेही हा प्रयोग आला आहे. बोटांना शिक्षण लागतं, हे यावरून कळावं. आपण मात्र ते शिक्षण चार रंगांत छापून वाटतो.

त्या पत्रकाबद्दलही बोलते. त्यातली बाई एका खोलीत एकटी, उंच आरशासमोर कमरेपर्यंत उघडी उभी असते. पुढच्या चित्रात ती पलंगावर निजलेली, खांद्याखाली उशी. आमच्या गावातल्या बाईच्या घरात आरसा म्हणजे नवऱ्याच्या दाढीचा, खिळ्याला टांगलेला, त्यात चेहराच जेमतेम मावतो. न्हाणीघराला पत्र्याचं दार, कडी असेलच असं नाही. घरात सहा माणसं. हे चित्र बघून ती मनात म्हणते, हे आपल्यासाठी नाही, आणि पत्रकाने फळीवरचे डबे पुसते. तिला सांगायला हवं की तोच छोटा आरसा खाली धर, आधी एक बाजू बघ, मग दुसरी. आंघोळ करताना साबण लागलेल्या हाताने बोटं छान सरकतात, तेव्हा वरचा भाग आणि काख तपास. उरलेलं रात्री दिवा मालवल्यावर, पांघरुणाखाली, उताणं पडून. तपासायला उजेड लागत नाही. बघायला लागतो, तर तो सकाळच्या आंघोळीला मिळतो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल. सिलिकॉनचे नमुने मिळतात, त्यांत वेगवेगळ्या खोलीवर गाठी बसवलेल्या असतात. आमच्या भागात ते पाहायला मिळत नसत, म्हणून मी कणीक मळत असे. सैल कणीक, रबरी हातमोज्यात भरायची. वरच्या बाजूला साबुदाण्याचा दाणा, मध्ये मूग, अगदी तळाशी हरभरा. तोंड बांधून ताटलीत ठेवायचं आणि बाईला म्हणायचं, शोध. जवळजवळ प्रत्येक बाई सुरुवात बोटांच्या टोकांनी करते, भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघावा तशी. साबुदाणा कधी सापडतो, कधी नाही. हरभरा तर नाहीच. मग मी तिची मधली तीन बोटं सरळ करायची. टोकं उचलायची, पेरांचा मऊ भाग टेकवायचा. बोटं उचलायची नाहीत, तिथल्या तिथे रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ फिरवायचं. एकाच जागी तीन वेळा : पहिल्यांदा नुसती कातडी हलेल इतकं हलकं, दुसऱ्यांदा जरा दाबून, तिसऱ्यांदा ताटली लागेपर्यंत. स्वतःच्या अंगावर ताटलीच्या जागी बरगडी. तिसऱ्या दाबाला हरभरा लागला की बाईचा चेहरा बदलतो. "अगं बाई, हाय की खाली!" एवढं एकदा झालं की त्या बाईला पुन्हा पत्रक लागत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरलं नाही तर बोटं फिरून फिरून स्तनाग्राभोवतीच येतात. काखेच्या रेषेपासून सुरुवात करायची. वरून खाली, मग किंचित आत सरकून खालून वर, असे पट्टे मारत छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायचं. वर गळ्याजवळच्या हाडापर्यंत, खाली जिथे छातीचा उंचवटा संपून नुसत्या बरगड्या लागतात तिथवर. शेतात पेरणीचे तास धरतात तसं, म्हटलं की आमच्याकडच्या बायकांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. गोल गोल फिरवण्यापेक्षा पट्ट्यांनी कमी जागा सुटते, हे तपासून पाहिलेलं आहे. काखेकडच्या वरच्या भागात सगळ्यात जास्त कॅन्सर सापडतात, आणि बायका नेमका तोच भाग सोडतात, कारण त्यांच्या लेखी तिथे छाती संपलेली असते. काख तपासताना हात डोक्यावर ताठ न्यायचा नाही. त्याने आतलं मांस ताणलं जातं आणि काही लागत नाही. हात थोडासाच उचलायचा.

कधी करायचं, हे थोडक्यात. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी. पाळीच्या आधी छाती दडस होते, बारीक बारीक गाठी लागतात, बाई उगीच घाबरते. पाळी गेलेल्या बाईने एखादी तारीख धरावी. आमच्याकडे संकष्टी चालते. कॅलेंडर न बघता लक्षात राहते.

बहुतेक शिबिरांत जे शिकवतच नाहीत ते म्हणजे बाईची निरोगी छाती हाताला कशी लागते. पहिल्याच वाक्यात कॅन्सर काढतात. मग ती घरी जाऊन चाचपते, खालच्या काठाची नैसर्गिक कड हाताला लागते, बरगडी लागते, आणि रात्रभर झोपत नाही. किंवा दोन्ही छात्या सारख्या नाहीत म्हणून रडते. अहो, बहुतेकींच्या नसतातच! कायमचा फरक असेल तर ती तिची ठेवण आहे. विचारायचं ते नव्याने झालेल्या बदलाचं : एक बाजू अलीकडे ओढली गेली का, स्तनाग्र आत गेलं का, त्यातून आपोआप पाणी किंवा रक्त येतं का, कातडीला खळगा पडला का, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड, छिद्राछिद्रांची झाली का. पत्रकात "लालसरपणा" लिहिलेला असतो. गोऱ्या चामडीवर तो दिसतो. उन्हात खुरपणाऱ्या बाईच्या कातडीवर तो कसा दिसायचा? तिथे जाडी आणि उष्णता बघायला सांगा.

आणि दुखण्याबद्दल मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या बायकांचा हिशेब असा, की दुखत नाही म्हणजे काही नाही. दुखलं की त्या येतात, शेक घेतात, गोळी मागतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ती कडक लागते, हलत नाही, आणि गप्प राहते. अर्थात हेही त्याच दमात सांगायचं की सापडणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरण्या मुलींत बोटाखालून निसटणारी, हलती गाठ बहुधा साधी असते. पण साधी आहे हे तपासणाऱ्याने ठरवायचं. शेजारणीने किंवा सासूने ठरवायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर कुणीही "दुधाची गाठ आहे" म्हणून परत पाठवतं. माझ्या हाताखालच्या गावातली एक बाई हे वाक्य तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकून आली होती, त्यातलं एक तोंड पदवीवालं होतं. बाळ रांगायला लागलं तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. दोन आठवड्यांत विरली नाही तर ती दुधाची समजायची नाही, पुढे पाठवायची, एवढा साधा नियम प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिता येईल.

आता आपल्या कार्यालयातला एखादा हुशार अधिकारी म्हणेल, की बाई, स्वपरीक्षणाने मृत्यू कमी होत नाहीत हे सिद्ध झालेलं आहे. खरं आहे. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. १९८९ ते १९९१ मध्ये सुरुवात करून निम्म्या स्त्रियांना नमुन्यांवर, देखरेखीखाली, पुन्हा पुन्हा शिकवलं. म्हणजे आपल्या सभागृहातल्यासारखं नव्हे, नीट शिकवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. शिकवलेल्या गटात स्तनांच्या कॅन्सरने १३५ मृत्यू, न शिकवलेल्या गटात १३१. फरक काहीच नाही. उलट शिकवलेल्या स्त्रियांत साध्या गाठींचे तुकडे तपासायला जास्त काढावे लागले. त्यानंतर अमेरिकेतल्या कॅन्सर सोसायटीनेही दरमहा स्वपरीक्षणाची शिफारस मागे घेतली.

हा अभ्यास लपवून शिबिरं भरवू नयेत. पण तो पुढे करून गप्पही बसू नये. त्या शांघायच्या बायकांना गिरणीचेच दवाखाने होते. शिकवलेली असो वा नसो, गाठ लागली की डॉक्टर हाताशी होता. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात स्तनांच्या कॅन्सरचे ५७ टक्के रुग्ण आजार आसपास पसरल्यावर पोचलेले दिसतात. म्हणजे बारीक गाठ महिनाभर आधी सापडावी, हा आपला पहिला प्रश्नच नाही. डोळ्यांना दिसणारी, हाताला उघड लागणारी गाठ घेऊन बाई महिनोन् महिने घरात बसते, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते म्हणून दरमहाचं कर्मकांड शिकवण्यावर जोर नको. आपली छाती ओळखणं आणि बदल दिसताच हलणं, यावर हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा भरही त्यावरच आहे.

आणि शिकवायचं कुणाला, इथेच मोठी गफलत आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने छाती तपासली. डॉक्टरांनी नव्हे, मॅमोग्राफीच्या मशीनने नव्हे. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. आता आपली यंत्रणा कुठल्या बाईला भेटते ते बघा. गरोदर आहे, बाळंतीण आहे, बाळाला डोस द्यायचाय, ऑपरेशन करून घ्यायचंय, तोवर नर्सबाई तिच्या दारात. ऑपरेशन झालं की आमच्या रजिस्टरमधून तिचं नाव गळतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं ती आम्हाला फक्त सुनेच्या बाळंतपणाला सोबत म्हणून दिसते. आम्ही सुनेला शिकवतो, सासू बाकावर बसून पिशवी सांभाळते. आधी हात लावायला हवा तो त्या सासूला. तीच म्हणते, "आता या वयात कशाला उघडं व्हायचं?" तिला समजावायला तिच्याच वयाची बाई लागते. निवृत्त झालेल्या आम्ही नर्सा त्या कामाला चांगल्या आहोत, जाता जाता सुचवते.

नुसत्या बोलण्याने काही होत नाही, असंही कुणी म्हणू नये. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात होते. नोंदणीची माणसं गावोगाव जायची, बायकांना लक्षणं सांगायची, अंगावरून काही जातं का विचारायची, तपासायला दवाखान्यात यायला सांगायची. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात यायला लागल्या, आणि १९९५ मध्ये हे जगाच्या नियतकालिकात छापून आलं. मशीन नव्हतं, फुगे नव्हते. एक गोष्ट मात्र होती. जायला बार्शीत दवाखाना होता, आणि गेल्यावर कुणी परत पाठवत नव्हतं.

माझं खरं गाऱ्हाणं याच दरवाजाचं आहे. समजा बाई शिकली, तिला गाठ लागली, तिने धीर करून आशाताईला सांगितलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या लक्षणांची प्रश्नावली, भरायचा असतो, त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्न आहेच. आशाताई खूण करते. पुढे? उपकेंद्रातल्या सिस्टरने छाती तपासायची, पण तिलाच कुणी हाताने शिकवलेलं नसतं, म्हणून ती "वर दाखवा" म्हणते. वर डॉक्टर पुरुष, बाई पदर सोडत नाही. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी आधी गरोदर बायकांची रांग. जिल्ह्याला गेली तर सुईच्या तपासणीचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत यायला माणूस लागतो, आणि दर खेपेगणिक गावातलं कुणीतरी सांगतं की सुई टोचली की गाठ पसरते. पसरत नाही. पण हे तिला रांगेत उभी असताना कुणी सांगत नाही. तिसऱ्या खेपेनंतर ती येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची कॅन्सरसाठी तपासणी कधी तरी झालेल्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एक पुरती नाही. या आकड्यात बायकांची लाज किती आणि आपली रांग किती, याचा हिशेब कधी तरी लावायला हवा.

उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, हे मी प्रत्येक बाईला सांगत आले आणि त्याने पुष्कळ जणी वाचल्या. पण योजना दारात उभी राहते ती निदान झाल्यावर. निदानापर्यंतची वाट बाईने स्वतःच्या पायांनी आणि पैशांनी तुडवायची. जागतिक आरोग्य संघटनेने लक्ष्य ठरवून दिलं आहे : बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. आपल्याकडे शिबिरांची संख्या मोजतात, फॉर्म मोजतात, पोर्टलवर टक्केवारी मोजतात. हे दिवस मोजायला कुणी सांगितलेलं मी तरी नोकरीत ऐकलं नाही.

म्हणून मागणी करते. पुढच्या वर्षाचा पीआयपी, म्हणजे कामाचा आणि खर्चाचा आराखडा, तयार होतो आहे तोवर एवढं त्यात बसवावं. प्रत्येक तालुक्याला दोन-तीन सिलिकॉनचे नमुने, आणि सिस्टर व समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचं हातावरचं प्रशिक्षण. शिकवणारी शल्यविभागात रोज छात्या तपासणारी हवी, स्लाइड दाखवणारी नको. परीक्षा नमुन्यावर घ्यावी; ज्या सिस्टरला तळाची गाठ सापडत नाही तिने पुन्हा शिकावं, यात अपमान नाही. गावात एका वेळी आठ-दहा बायका, बंद खोली, एकही पुरुष नाही, आणि प्रत्येकीने करून दाखवल्याशिवाय तिचं नाव यादीत चढवायचं नाही. उद्दिष्ट कमी झालं तरी चालेल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातले दोन ठरलेले दिवस फक्त गाठीच्या बायकांसाठी ठेवावेत. तपासणारी बाई डॉक्टर, सोनोग्राफी आणि सुई एकाच फेरीत. तारीख आशाताईच्या मोबाइलवर आधीच यावी. आणि गाठ सांगितल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत किती दिवस गेले, हा एक रकाना मासिक अहवालात घालावा. आम्हाला रकान्यांची भाषा चांगली कळते. ज्याचा रकाना असतो त्याचं काम होतं, हे आपल्याला मी सांगायला नको.

पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, क्वचित का होईना. सिस्टरने ते एका वाक्यात सांगावं. हसू आलं तरी सांगावं.

ऑक्टोबरचे कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्याच सभागृहाच्या भाड्यात आणि फ्लेक्सच्या पैशात एका तालुक्याला नमुने येतात. माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत कुठल्याही तालुक्यात सुरुवात करा. बोलावलंत तर मी शिकवायला येईन, मानधनाची अपेक्षा नाही. एसटीत आता निम्मं तिकीट पडतं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जि. सोलापूर